मराठीचे आंग्ल भक्त : फादर थॉमस स्टीफन्स यांचें अल्पचरित्र

ख्रिस्तमंदिराचा महोत्सव साजरा होतो, तेव्हां ज्यांनीं भिंती उभारल्या, घंटा आणिल्या व वेदी सजविली, त्यांचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करितों. परंतु मंदिर केवळ दगडचुन्याचें नसतें. ज्या भाषेंत आपल्या मातेनें आपणांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, ज्या भाषेंत आपल्या आजीनें तिन्हीसांजेस रोझरी सांगितली, ती भाषाही मंदिराचा एक खांबच होय. ही लोकांची भाषा परमेश्वराचें चरित्र गाण्यास सर्वथा योग्य आहे, असें चारशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं मानलें व तसें करून दाखविलें, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों. हे थोर पुरुष जन्मानें इंग्रज, व्रतानें येशूसंघीय आणि कर्तृत्वानें मराठी कवि होते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. या गांवाच्या नांवावरून कित्येक जुन्या ग्रंथकारांनीं त्यांस बुस्टन असेंही म्हटलें आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत ते पाद्री एस्तेव्हांव म्हणून आढळतात. त्यांचें शिक्षण विंचेस्टर येथें झालें. तो काळ इंग्लंडांतील कॅथॉलिक लोकांस मोठा कठीण होता. १५५८ सालीं राणी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर मिस्सा करणें व ऐकणें हा गुन्हा ठरला होता. आपला धर्म न सोडणाऱ्या कुटुंबांस दंड, तुरुंग व प्रसंगीं मृत्यूही पत्करावा लागे. तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाऊंड नांवाच्या एका श्रद्धाळू गृहस्थाशीं मैत्री जडली. दोघांनीं मिळून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा निश्चय केला. परंतु निघण्यापूर्वींच पाऊंड पकडले गेले आणि पुढें त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं त्यांस येशूसंघांत प्रवेश मिळाला.

रोमच्या विद्यालयांत अध्ययन करीत असतां हिंदुस्थानांतील धर्मकार्याकडे त्यांचें मन ओढलें गेलें. वरिष्ठांची अनुज्ञा मिळतांच ते पोर्तुगालास गेले आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून निघाले. आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यावर २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले. त्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १० नोव्हेंबर रोजीं आपल्या पित्यास लिहून पाठविलें. हें पत्र पुढें हॅक्लूट या ग्रंथकारानें आपल्या प्रवाससंग्रहांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचे स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासांत त्यांचेंच नांव घेतात. त्यांच्या मागून आलेले त्यांचे देशबांधव येथें व्यापार व राज्य करावयास आले. हे मात्र लोकांची भाषा शिकून तिची सेवा करावयास आले, हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

१५८० सालीं त्यांस गोव्यांत गुरुदीक्षा मिळाली व त्यानंतर त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी महालांत गेला. मुंबई-ठाण्याजवळच्या बेटासही साष्टी हेंच नांव असल्यामुळें आमच्या कित्येक वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे. येथें मडगांव, राचोल, कुंकळ्ळी इत्यादि गांवें ज्यांत मोडतात ती दक्षिण गोव्यांतील साष्टी समजावी. तेव्हांची तेथील स्थिति शांत नव्हती. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें फादर रुडोल्फ आक्वाविव्हा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस काहीं इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्याच्या तुरुंगांत टाकले गेले होते. त्यांच्या सुटकेसाठीं फादर स्टीफन्स यांनीं पुष्कळ खटपट केली. ते व्यापारी त्यांच्या धर्मपंथाचे नव्हते. तरी संकटांत सांपडलेल्या मनुष्यास साह्य करितांना त्यांनीं हा विचार मनांत आणला नाहीं.

या १५८३ सालांतील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं आपल्या बंधूस एक पत्र लिहिलें. येथील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कर्णमधुर आहेत व त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिन या भाषांशीं मिळतीजुळती आहे, अशा अर्थाचें निरीक्षण त्यांत आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें कलकत्त्यास विद्वानांपुढें मांडिलें तें १७८६ सालीं, म्हणजे त्यानंतर दोनशें वर्षांनीं. ज्या भाषांस तेव्हांचे बहुतेक युरोपीय लोक रानटी समजत, त्या भाषांत या तरुण धर्मगुरूस अवघ्या चार वर्षांत एक सुसंस्कृत घराणें दिसूं लागलें. प्रेमानें पाहणाऱ्यास जें दिसतें तें अभिमानानें पाहणाऱ्यास दिसत नाहीं, हेंच खरें.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. तें समजण्यासाठीं एक कटु सत्य प्रथम सांगितलें पाहिजे. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें पाडलीं. लोकांचे जुने ग्रंथ जप्त केले गेले व कित्येक जाळलेही गेले. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांस जुनीं पुराणें ऐकण्याची मनाई झाली. ज्या लोकांच्या घरोघरीं पिढ्यान्‌पिढ्या पुराण वाचलें जात होतें, जे ओवी ऐकतच लहानाचे मोठे झाले होते, त्यांच्या हातीं आतां कांहींच उरलें नाहीं. गोव्यांत छापखाना १५५६ सालींच आला होता. परंतु या लोकांच्या मनास रिझवील असें त्यांच्या भाषेंतलें काव्य त्यांतून निघालें नव्हतें. सत्तेच्या बळावर एखाद्या जातीचें वाङ्मय हिरावून घेणें हा अन्याय होय, आणि तो आमच्याच धर्माच्या नांवावर झाला म्हणून तो झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

फादर स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभीं एक प्रसंग वर्णिला आहे. साष्टींतील एका मंदिरांत रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां नवदीक्षित लोकांपैकीं एका ब्राह्मणानें पाद्रींस नम्रपणें विचारिलें कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तर आपण बंद केलींत. मग त्यांच्या जागीं मनास विरंगुळा देईल असें दुसरें पुराण आपण आम्हांस कां देत नाहीं? त्या मनुष्यास प्रश्नोत्तरांनीं शिकविलेला धर्म नको होता असें नव्हे. परंतु तेवढ्यानें त्याची तहान भागत नव्हती. त्यास गोष्ट पाहिजे होती, ओवी पाहिजे होती, चारचौघांत बसून ऐकण्याचें सुख पाहिजे होतें. फादर स्टीफन्स यांच्या मनास हा प्रश्न लागला, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण हें त्या प्रश्नाचें उत्तर होय.

हें काव्य १६१६ सालीं राचोल येथें छापून प्रसिद्ध झालें. तेव्हां ग्रंथकर्त्याचें वय सत्तरीच्या घरांत आलेलें होतें व त्यांस या देशीं येऊन सदतीस वर्षें होत आलीं होतीं. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वरू असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांच्या काळापर्यंतची जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्या पुराणांत एकोणसाठ अवस्वरू असून प्रभु येशूचा जन्म, उपदेश, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांचें वर्णन आहे. एकंदर ओव्यांची संख्या सुमारें अकरा हजार भरते. श्रीज्ञानदेवांनीं १२९० सालीं व एकनाथ महाराजांनीं फादर स्टीफन्स यांच्याच हयातींत जो ओवीछंद वापरिला, तोच या इंग्रज धर्मगुरूनें हातीं घेतला. तो त्यांनीं असा आत्मसात केला कीं परकी हाताची खूण शोधूनही क्वचितच सांपडावी. स्वर्गास वैकुंठ, बाप्तिस्म्यास ज्ञानस्नान, असे लोकांच्या ओळखीचे शब्द त्यांनीं योजिले. आणि जेथें नवा अर्थ जुन्या शब्दांत मावेना, तेथें क्रुस इत्यादि परके शब्दही तसेच ठेविले. मराठीच्या स्तुतीच्या ज्या ओव्या त्यांत आहेत, त्या मराठीच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहेत. रत्नें, फुलें, पक्षी, तारे यांपैकीं जें जें श्रेष्ठ, त्या त्याशीं त्यांनीं आपल्या या दत्तक मातेची तुलना केली आहे.

भाषेच्या निवडीसंबंधानें त्यांनीं प्रस्तावनेंत जो खुलासा केला आहे, तो प्रत्येक उपदेशकानें ध्यानांत ठेवावा असा आहे. काव्यास शोभणारी म्हणून त्यांनीं मराठी घेतली. परंतु प्राचीन कवींची अवघड मराठी साष्टींतील सामान्य माणसास कळणार नाहीं, हें जाणून त्यांनीं कठीण शब्द टाकून दिले आणि त्या जागीं तेथील कोंकणी बोलींतले सोपे शब्द मिसळले. म्हणजे पंडितांची वाहवा त्यांनीं दूर ठेविली व श्रोत्यांची समजूत जवळ केली. आज मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा त्यांस आपले म्हणतात. दोघींचा हक्क खरा आहे, आणि दोघी बहिणींनीं एका उपकारकर्त्यावरून भांडण्याचें कारण नाहीं असें आम्हांस वाटतें.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. आपला ग्रंथ या देशाच्या लिपींत छापला जावा अशी त्यांची फार तळमळ होती. ५ डिसेंबर १६०८ रोजीं त्यांनीं रोमला आपल्या संघाच्या सर्वश्रेष्ठांस लिहिलें कीं, येथील लिपींत अक्षरें जोडून लिहीत असल्यामुळें छापण्यास सुमारें सहाशें खिळे लागतील असें लोक म्हणतात, तरी युक्तीनें त्यांची संख्या दोनशेंवर आणतां येईल, आणि तसे साचे करवून द्यावे. हे साचे कधींच तयार झाले नाहींत. ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. म्हाताऱ्या कवीनें ओव्या जमविण्याबरोबर खिळ्यांचाही हिशेब करावा, यावरून भाषेच्या सेवेंत कवित्वाइतकेंच कारागिरीचेंही महत्त्व त्यांस कळलें होतें असें दिसतें. या एका अडचणीमुळें घांटावरच्या मराठी वाचकांस या काव्याची ओळख होण्यास कित्येक शतकें लागलीं.

ख्रिस्तपुराणाखेरीज त्यांच्या नांवावर आणखी दोन महत्त्वाचे ग्रंथ आहेत. एक कोंकणी भाषेंतील ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरावलि. ती त्यांच्या मरणानंतर १६२२ सालीं राचोल येथें छापली गेली. दुसरा कोंकणीच्या व्याकरणाचा. त्यांत फादर दियोगु रिबैरु व दुसऱ्या पाद्रींनीं भर घातली आणि तो १६४० सालीं राचोल येथेंच प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतील कोणत्याही भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून विद्वान लोक याच पुस्तकाचा निर्देश करितात.

१६१९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, फादर स्टीफन्स यांनीं गोव्यांतच देह ठेविला. चाळीस वर्षांपूर्वीं सोडलेली मायभूमि त्यांच्या दृष्टीस पुन्हां पडली नाहीं. मायभाषा मात्र त्यांस एक गेली व दुसरी मिळाली.

त्यांच्या पश्चात् जें घडलें तें ऐकून वाईट वाटतें. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या खऱ्या. परंतु राज्यकर्त्यांचें धोरण लोकभाषेस अधिकाधिक प्रतिकूल होत गेलें. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कौंट ऑफ आल्व्होर यानें फर्मान काढिलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. १७४५ सालीं तर तेथील आर्चबिशपांनीं विवाह करूं इच्छिणाऱ्यांस पोर्तुगीज आलीच पाहिजे असा नियम घातला. १७५९ सालीं येशूसंघीयांस पोर्तुगीज मुलखांतून हांकून देण्यांत आलें. ज्या पुस्तकाच्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या, त्यांतील एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं.

असें असतां हें काव्य जिवंत राहिलें कसें? तें कोणा राजानें राखलें नाहीं. सामान्य कुटुंबांनीं राखलें. गोव्यांतून दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीं हाताने नकला करून हें पुराण जपलें. बापाची नक्कल मुलानें वाचली, मुलाची नातवानें उतरून घेतली. टिपू सुलतानानें १७८४ सालीं मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां त्या बंदिवासांत या ओव्यांनींच त्यांस धीर दिला, असें त्यांच्या वंशजांत परंपरेनें सांगतात. ज्यांच्याजवळ मंदिर नव्हतें, धर्मगुरु नव्हता, त्यांच्याजवळ आपल्या भाषेंतलें गाणें होतें.

पुढें काळ पालटला. १८५७ सालीं कून्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेंच फादर स्टीफन्स यांचें व्याकरण पुन्हां छापविलें व गोमंतकीयांस आपली मायबोली टाकूं नका असें कळकळीनें सांगितलें. १९०७ सालीं जोसेफ साल्डाना यांनीं कानडा प्रांतांतील हस्तलिखितांवरून ख्रिस्तपुराण मंगळूर येथें रोमन लिपींत छापलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत डॉक्टर जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडन संग्रहांत असलेल्या देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढिली. त्यानंतर कारिदाद द्रागो यांची आवृत्ति १९९६ सालीं व फादर नेल्सन फलकांव यांची २००९ सालीं निघाली. १६०८ सालीं त्या म्हाताऱ्या धर्मगुरूनें जी मागणी केली होती, ती अशी साडेतीनशें वर्षांनीं पुरी झाली. १९८२ सालीं गोव्यांत येशूसंघीयांनीं कोंकणीच्या अभ्यासासाठीं जी संस्था स्थापिली, तिलाही त्यांचेंच नांव दिलें आहे.

हें चरित्र आम्ही केवळ कौतुकासाठीं सांगितलें नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाट मोकळी करून दिली, आणि आज आपण मिस्सा मराठींत ऐकतों. मराठीस २०२४ सालीं भारत सरकारनें अभिजात भाषेचा मान दिला. कोंकणीस १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. संयुक्त राष्ट्रसंघानें तर २०२२ ते २०३२ हें दशक मूलनिवासी लोकांच्या भाषांसाठीं राखून ठेविलें आहे. मान मिळाले, कायदे झाले. आतां १६८४ सालचें फर्मान कोणी काढीत नाहीं. तरी आमच्या मनांत एक शंका येते. तें फर्मान जें करूं शकलें नाहीं, तें आपण आपल्या हातांनीं आपल्याच घरांत करीत नाहीं ना? वसईकडील सामवेदी बोली, वाडवळी बोली, मुंबईच्या ईस्ट इंडियन बांधवांची बोली, या आजही आजीच्या तोंडीं आहेत. परंतु नातवंडें तिला उत्तर देतात तें दुसऱ्याच भाषेंत. एका घरांत तीन पिढ्या नांदतात, आणि पहिलीचें गाणें तिसरीस कळत नाहीं. मुलांनीं इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांची मायभाषा इंग्रजी होती त्या फादर स्टीफन्स यांनींच आपणांस शिकविलें आहे कीं, एक भाषा घेण्यासाठीं दुसरीचा द्वेष करावा लागत नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची प्रत्येक कुटुंबास एक नम्र विनंति आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ तरी घरांत आपल्या बोलींतच बोलावें. रोझरी झाल्यावर पवित्र शास्त्रांतील एखादा उतारा अथवा ख्रिस्तपुराणाच्या चार ओव्या लहान मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्याव्या. अडलेला शब्द आजोबांनीं सांगावा. लग्नांतलीं गाणीं, पाळणे, म्हणी, शेतावरच्या व कोळीवाड्यांतल्या वस्तूंचीं नांवें ज्या वृद्धांस येतात, त्यांच्यापाशीं बसून तरुणांनीं तीं वहींत उतरून घ्यावीं. कानडा प्रांतांतील त्या अनाम घराण्यांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें. त्यांनीं एक वही जपली, आणि तिच्यामुळें एक महाकाव्य वांचलें.

विल्टशायरच्या खेड्यांतून आलेल्या एका परक्यानें आपली भाषा मातेसारखी मानली. आपण तर तिच्या पोटचीं लेंकरें आहों. पेंतेकोस्त सणाच्या दिवशीं प्रेषितांचा उपदेश ज्याच्या त्याच्या मातृभाषेंत ज्यास त्यास ऐकूं आला, असें शास्त्र सांगतें. तोच पवित्र आत्मा आमच्या या धर्मग्रामांतील थोरांस आपली बोली देण्याची उदारता व लहानांस ती घेण्याची गोडी देवो, आणि पुढील महोत्सवाच्या दिवशींही या वेदीसमोर आमचीं नातवंडें आपल्या आजीला समजेल अशा शब्दांत परमेश्वराची स्तुति करोत, हीच आमची प्रार्थना.